केनियातल्या शाळेत दोन आठवडे: युवक गटाच्या स्वयंसेवी दौऱ्याची पूर्ण तयारी

‘आफ्रिकेतल्या शाळेत जाऊ या’ असं ठरवून कामाला लागणाऱ्या गटाची पहिली चूक त्या वाक्यातच असते. आफ्रिकेत ५४ देश आहेत. लस, प्रवेश परवाना, शाळेच्या सुट्ट्या, पाऊस, मलेरिया, वर्गातली भाषा हे सगळं देशागणिक बदलतं, आणि कित्येकदा एकाच देशात जिल्ह्यागणिकही. म्हणून हा लेख एकाच ठिकाणाला धरून लिहिला आहे: केनियाच्या रिफ्ट व्हॅलीतली नाकुरू काउंटी, नैरोबीपासून साधारण १६० किलोमीटर. पुण्या-मुंबईकडचा १० ते १२ जणांचा गट, मुक्काम दोन आठवडे, महिना जून.

नाकुरूच का? नैरोबीहून दिवसाउजेडी पोचता येतं, शहरात बरी रुग्णालयं आहेत आणि उंची १,८०० मीटरच्या वर असल्याने मलेरियाचा धोका व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू-सियाया भागापेक्षा पुष्कळ कमी आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने उत्तरेकडच्या तुर्कानासारख्या दूरच्या, उष्ण भागाचा हट्ट धरू नये.

शाळेचं मागणं लेखी घ्या

‘आम्ही काय देऊ शकतो’ याची यादी करण्याआधी मुख्याध्यापकांना चार प्रश्न विचारा. जूनमध्ये कोणत्या इयत्तांचे, कोणत्या विषयांचे तास देता येतील? त्या तासांना आमच्याबरोबर वर्गात कोण शिक्षक असतील? याआधी आलेल्या गटांनी ठेवून गेलेल्या वस्तूंपैकी आज काय वापरात आहे? आणि आम्ही आलोच नाही, फक्त आमच्या प्रवासखर्चाचा दहावा हिस्सा पोचला, तर शाळा आधी काय करेल?

शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, पण खरी गरज त्याच्याच उत्तरात सापडते. वर्गातले फळे रंगवणं, पाण्याच्या टाकीचा तुटका नळ, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी, अशी उत्तरं आली तर ती खरी समजा आणि कामाची यादी तिथूनच सुरू करा. ‘तुम्ही या, मुलं खूश होतील’ एवढंच उत्तर आलं, तर पुन्हा विचारा.

मुख्याध्यापकांनी होकार दिला म्हणजे काम झालं असं नाही. केनियातल्या सरकारी शाळेला व्यवस्थापन मंडळ असतं आणि वर शिक्षण खात्याचं उप-काउंटी कार्यालय. दोघांना भेटीची कल्पना आहे, असं शाळेच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या. हे पत्र पुढे परवान्यासाठीही लागतं.

एक गोष्ट गटातल्या प्रत्येकाच्या मनात पक्की असायला हवी. तिथे शिक्षकांची जागा भरायला तुम्ही जात नाही आहात. २०१९ चं ग्लोबल टीचर प्राइझ याच नाकुरू काउंटीतल्या एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेचे गणित-विज्ञानाचे शिक्षक पीटर ताबिची यांना मिळालं. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, तेच पारितोषिक सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना मिळालं. दोन्ही शाळा साधनांनी साध्या, दोन्हीकडचे शिक्षक जगाने दाद द्यावी असे. दुसऱ्या वर्षाला शिकणारा आपला विद्यार्थी परितेवाडीत जाऊन दोन आठवडे वर्ग ‘सांभाळेल’ का? मग नाकुरूतही नको. तुमचं काम शिक्षकांच्या हाताखाली, त्यांनी नेमून दिलेलं.

अनाथाश्रमांच्या भेटी पूर्ण टाळा. अशा संस्थांमधल्या पुष्कळ मुलांचे आईवडील किंवा नातेवाईक हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांमुळेच मुलं संस्थेत अडकून राहतात. मुलांना कुटुंबात परत नेणं हेच केनिया सरकारचंही धोरण आहे. शिवाय दर पंधरा दिवसांनी नवी माणसं येऊन जीव लावतात आणि निघून जातात, याचा त्रास लहान मुलांनाच होतो.

तारखा

केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि त्याची तीन सत्रं असतात. एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुट्ट्या. तिसरं सत्र राष्ट्रीय परीक्षांचं, तेव्हा पाहुणे नको असतात. दुसरं सत्र एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला सुरू होऊन ऑगस्टच्या आरंभापर्यंत चालतं, ते आपल्याला सोयीचं. मार्च ते मे हा तिथला मोठा पावसाळा, त्यामुळे मेमध्ये मातीचे रस्ते चिखलात जातात. जूनमध्ये पाऊस त्यामानाने कमी होतो आणि हवा थंड होते.

१ जूनला मदारका दिनाची राष्ट्रीय सुट्टी असते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात चार-पाच दिवसांची मध्यसत्र सुट्टी येते, तिच्या नेमक्या तारखा शिक्षण मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहा. २५ जून आणि ७ जुलैच्या आसपास नैरोबीत निदर्शनं होण्याचा अनुभव आहे, म्हणून त्या दिवशी शहराच्या मध्यभागातून प्रवास ठेवू नका. हे सगळं धरलं तर जूनच्या पहिल्या शनिवारी पोचणं आणि पुढचे दोन आठवडे शाळेत, हा हिशेब जुळतो. आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा मेअखेरपर्यंत रेंगाळतात, तेव्हा सर्वांची वेळापत्रकं हाती आल्याशिवाय गटाचं तिकीट काढू नका.

पहिला पत्रव्यवहार आदल्या सप्टेंबरात व्हायला हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुख्याध्यापक परीक्षांत असतात, डिसेंबरात शाळा बंद. सप्टेंबर हुकला तर थेट जानेवारी उजाडतो.

गट

१० युवक आणि २ जबाबदार प्रौढ, त्यांत एक तरी स्त्री. बारापेक्षा मोठा गट शाळेला झेपत नाही. स्टाफरूममध्ये बसायला जागा नसते, स्वयंपाकघरावर ताण येतो, आणि मुलांचं लक्ष दिवसभर पाहुण्यांकडेच राहतं. सगळे १८ वर्षं पूर्ण झालेले असावेत. अल्पवयीन असेल तर दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत लागेल, आणि जबाबदारी कितीतरी पटींनी वाढेल.

निवड मुलाखतीने करू नका, कामाने करा. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर किंवा बाबा आमटे यांच्या सोमनाथ प्रकल्पातल्या श्रमसंस्कार छावणीसारखा अनुभव ज्याने पूर्ण केला आहे, त्याला सामायिक स्वच्छतागृह, थंड पाणी आणि पहाटेची उठाठेव नवी नसते. ज्याने केलेलं नाही, त्याने जाण्याआधी आपल्याच तालुक्यातल्या शाळेत सलग पाच दिवस शिक्षकांना मदत करावी. इथे ज्याला तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, त्याला तिथेही येतो.

कागदपत्रं

पासपोर्टची मुदत केनियात पोचल्यापासून पुढे किमान सहा महिने हवी. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना, म्हणजे ईटीए, सुरू केला आहे. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. मूळ शुल्क ३० डॉलर, वर कार्डाचा आकार. पासपोर्टचं पान, फोटो, विमानाचं आरक्षण आणि राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा लागतो. निघण्याआधी तीन आठवडे अर्ज करा. पासपोर्टवर आडनाव आणि नाव ज्या रकान्यात आहे त्याच रकान्यात ते अर्जात भरा. वडिलांचं नाव मध्ये घालण्याच्या आपल्या सवयीमुळे इथे सर्वांत जास्त चुका होतात.

आता महत्त्वाचा मुद्दा. ईटीए हा भेटीचा परवाना आहे, कामाचा नाही, आणि पगार नसला तरी काम ते कामच धरलं जाऊ शकतं. शाळेत रोज वर्गात मदत करणार असाल तर यजमान शाळेने किंवा संस्थेने केनियाच्या इमिग्रेशन खात्याकडे अल्पमुदतीच्या स्पेशल पासबद्दल विचारणा करावी आणि लेखी उत्तर घ्यावं. त्यासाठी दोन महिने हाताशी ठेवा. ‘विमानतळावर पर्यटक म्हणून सांगा’ असा सल्ला देणारा मध्यस्थ टाळा. अडचण आली तर ती शाळेवरही येते.

मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाचा पोलीस क्लिअरन्स दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून काढा आणि त्याची प्रत शाळेला न मागता द्या.

लस आणि मलेरिया

केनिया यलो फीवरच्या (पीतज्वराच्या) देशांत मोडतो, आणि भारतात परतताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जातं. लस एकदाच घ्यायची असते. प्रमाणपत्र दहाव्या दिवसानंतर ग्राह्य धरलं जातं आणि ते आयुष्यभर चालतं. लस फक्त केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रांतच मिळते, त्यांची यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेतलेली चालत नाही.

इथे गटांची गाडी हमखास अडते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रं ठरावीक वारी, आधी नोंदणी घेऊन लस देतात. बारा जणांना एका दिवशी जागा मिळत नाही. निघण्याआधी दोन महिने नोंदणी करा. मूळ पासपोर्ट बरोबर न्या, कारण प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेत पासपोर्टचा क्रमांक लिहिला जातो. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, किंवा वय ६० च्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गोवरासारखी दुसरी जिवंत विषाणूची लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने.

टायफॉइड, हेपटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लसींची स्थिती याच वेळी तपासून घ्या.

नाकुरूत मलेरिया कमी आहे म्हणून गोळ्या नकोत, असं स्वतः ठरवू नका. डॉक्टरांना प्रवासाचा पूर्ण मार्ग सांगा. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज घ्यायची, प्रवासाआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस. डॉक्सिसायक्लिनही रोज, पण परतल्यावर चार आठवडे. शिवाय तिच्यामुळे ऊन बाधतं, आणि विषुववृत्तावर १,८०० मीटर उंचीवरचं ऊन तसंही कडक असतं. कोणतीही गोळी असो, अर्धे लोक ती घरी परतल्यावर सोडून देतात. तसं होऊ नये म्हणून रोज रात्री जेवणानंतर सगळ्यांनी एकत्र गोळी घ्यायची आणि एकाने वहीत खूण करायची.

पैसा

गटाच्या संस्थेने ८०जी (देणगीवरच्या करसवलतीच्या) पावत्या देऊन इथे देणग्या गोळा केल्या आणि त्या केनियात खर्च केल्या, तर संस्था अडचणीत येते. भारतातल्या धर्मादाय न्यासाला आपलं उत्पन्न देशाबाहेर वापरायला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते, ती नसेल तर करसवलत जाते. कितीतरी गटांना हे माहीतच नसतं. सरळ मार्ग असा: प्रवासखर्च प्रत्येकाने स्वतःचा करावा, आणि शाळेसाठीची रक्कम प्रत्येकाने बँकेमार्फत, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (व्यक्तीला परदेशी पैसे पाठवू देणारी योजना), शाळेच्या अधिकृत खात्यात पाठवावी. मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक खात्यात नाही. संस्थेच्या सनदी लेखापालांना पहिल्याच बैठकीला बोलवा.

एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत परकीय चलनाच्या नोटा नेता येतात, बाकी कार्डावर. डॉलरच्या नोटा २०१३ नंतरच्या, न दुमडलेल्या असाव्यात. जुन्या नोटांना केनियात कमी दर मिळतो किंवा त्या नाकारल्या जातात. रोजचा व्यवहार मात्र एम-पेसावर चालतो. २००७ पासून केनियात मोबाइलवरून पैसे देण्याची ही पद्धत रुळली आहे आणि भाजीवालीपासून हार्डवेअरच्या दुकानापर्यंत सगळीकडे चालते. पासपोर्ट दाखवून कंपनीच्या दुकानातून सिम घ्या आणि गटातल्या दोघांच्या नावावर एम-पेसा सुरू करा. एकाचा फोन हरवला तर दुसरा हवाच. अंदाजपत्रकात एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम अडीअडचणीसाठी वेगळी ठेवा आणि विम्यात रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च आहे ना, ते वाचून पाहा.

काय न्यावं, काय तिथे घ्यावं

केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि दंड जबर आहे. आपल्याकडे चपला, लोणचं, ओले कपडे सगळं पिशवीत गुंडाळायची सवय असते. त्याऐवजी कापडी पिशव्या न्या. भिंतीतली प्लग जोडणी ब्रिटिश पद्धतीची, तीन चौकोनी पिनांची असते, आपला प्लग बसत नाही. चार ॲडॉप्टर आणि दोन आपली एक्स्टेन्शन बोर्ड एवढं बाराजणांना पुरतं. जूनमध्ये पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. आफ्रिका म्हणजे उकाडा, असं समजून फक्त टी-शर्ट नेलेली मुलं पहिल्याच आठवड्यात सर्दीने आजारी पडतात. जाड स्वेटर आणि पायमोजे हवेतच.

वह्या, खडू, पुस्तकं, रंग इथून वाहून नेऊ नका. वजन वाढतं, कस्टममध्ये प्रश्न होतात, आणि नाकुरूच्या दुकानदाराचा धंदा जातो. जुने लॅपटॉप पाच-सहा एकदम नेले तर शुल्क भरावं लागू शकतं, आणि वर्षभरात बॅटरी गेली की ते कपाटात जातात. क्रमिक पुस्तकं तर तिथलीच हवीत. केनियाचा २०१७ पासूनचा क्षमताधारित अभ्यासक्रम वेगळा आहे आणि पुस्तकं तिथल्या अभ्यासक्रम विकास संस्थेने मान्य केलेली लागतात. अवांतर वाचनासाठी मात्र प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर किस्वाहिलीतल्या मुक्त परवान्याच्या गोष्टी आहेत. त्या शिक्षकांना दाखवून नाकुरूतच छापून घ्या.

इथून न्यायची खरी वस्तू म्हणजे फुटबॉलचा पंप आणि दहा-बारा सुया. चेंडू तिथे मिळतो. १२ वर्षांखालच्यांना ४ नंबरचा, मोठ्यांना ५ नंबरचा. सुई तुटली की शाळेतला चांगला चेंडू महिनोन्महिने कपाटावर बसून राहतो.

वर्गात

वर्गात ५० किंवा जास्त मुलं असतील हे धरूनच तयारी करा. चौथी ते सहावीचा तास ३५ मिनिटांचा, सातवी ते नववीचा ४० मिनिटांचा. चौथीपासून माध्यम इंग्रजी. त्याखालच्या वर्गांत स्थानिक भाषा किंवा किस्वाहिली, म्हणून तिथे स्वतंत्रपणे काही घेऊ नका.

पहिल्या दिवसाचा सगळ्यात चांगला उपक्रम शब्दांचा आहे. अरबी-फारसी आणि हिंदी महासागरातल्या व्यापारामुळे किस्वाहिली आणि मराठीत कितीतरी शब्द सारखे आहेत: पेसा, कलामू, किताबू, दुनिया, वकिली म्हणजे वकील, बिमा म्हणजे विमा, दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, दावा म्हणजे औषध, आणि हेसाबू म्हणजे गणित. चपाती तर तशीच चपाती, फक्त ती मैद्याची, जाडसर आणि तेलावर भाजलेली. फळ्याचे दोन भाग करा, एका बाजूला मुलांनी शब्द सांगायचा, दुसऱ्या बाजूला तुम्ही मराठी लिहायचं. वीस मिनिटांत मुलं तुमची शिक्षक होतात आणि पुढचे दोन आठवडे बोलायला लाजत नाहीत. एक जपा: भारतीय माणसाला ‘म्हिंदी’ म्हणतात आणि मक्याला ‘महिंदी’. मुलं हसली तर त्याचं कारण हेच.

विज्ञानासाठी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊतून केलेल्या खेळण्यांची परंपरा आपल्या हाताशी आहे. त्यातली साधी विद्युत मोटर सातवी-आठवीला उत्तम जमते. पाच-सहा मुलांमागे एक संच, म्हणजे वर्गाला नऊ-दहा. एका संचाला लागतं: १.५ व्होल्टचा मोठा सेल, दोन मोठ्या सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची पट्टी, एक छोटं लोहचुंबक आणि मोटर वाइंडिंगची साधारण २४ गेजची तांब्याची तार सव्वा मीटर. तार, पिना आणि चुंबकं इथून न्या, सेल आणि ट्यूब तिथे घ्या.

तार सेलभोवती दहा वेळा गुंडाळून रिंगण करा. दोन्ही टोकं समोरासमोर, एका सरळ रेषेत तीन-तीन सेंटिमीटर बाहेर ठेवा. तारेवरचा लेप एका टोकावर सगळीकडून खरवडा. दुसऱ्या टोकावर, रिंगण उभं धरून, फक्त वरची अर्धी बाजू खरवडा. पिना सेलच्या दोन टोकांना ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधा, चुंबक सेलवर ठेवा, रिंगणाची टोकं पिनांच्या भोकांत अडकवा आणि हलकी टिचकी द्या.

दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर अर्ध्या फेऱ्यात मिळालेला धक्का पुढच्या अर्ध्यात उलटा लागतो आणि रिंगण नुसतं थरथरतं. अर्धाच लेप काढल्याने तेवढ्या वेळात वीज तुटते आणि रिंगण आधीच्या वेगाने पुढे जातं. हे आधी सांगू नका. एका गटाला मुद्दाम पूर्ण खरवडू द्या आणि कारण मुलांनाच शोधू द्या. न फिरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लेप नीट न निघणं, दुसरं म्हणजे टोकं वाकडी असणं. फिरायचं थांबलेलं रिंगण सेलवर तसंच राहिलं तर सेल तापतो आणि काही मिनिटांत उतरतो, म्हणून न फिरणारं रिंगण लगेच काढायला शिकवा. ३५-४० मिनिटांत हे होत नाही, जोडतास मागून घ्या. आणि तासाच्या आदल्या दिवशी विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर बसून एक मोटर त्यांच्या हातून करून घ्या. पुढच्या वर्षी ती त्यांनाच शिकवायची आहे.

खेळात कबड्डी आणि खो-खो न्या, साहित्य शून्य. केनियाचा संघ २०१६ च्या कबड्डी विश्वचषकात अहमदाबादला खेळला होता, हे सांगितलं की मुलांचे डोळे चमकतात. मैदानातले दगड आधी सगळ्यांनी मिळून वेचा.

हाताचं काम

भिंती बांधणं, छपरं घालणं हे नवख्यांनी करू नये. स्थानिक गवंड्याला, ज्याला तिथे ‘फुंडी’ म्हणतात, ते काम जमतं आणि त्याला रोजगार हवा असतो. गटाला खरोखर नीट जमणारं काम म्हणजे फळा रंगवणं, आणि त्याचा उपयोग रोज होतो. आठ बाय चार फुटांचा फळा म्हणजे तीन चौरस मीटर. फळ्याचा रंग लिटरला साधारण दहा चौरस मीटर एक हात जातो, म्हणजे दोन हातांना पाऊण लिटरच्या आत, तेव्हा फळ्यामागे एक लिटर धरा.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर फळा ओल्या फडक्याने धुऊन वाळवा, भेगा पुटीने भरा, पॉलिश पेपर मारा. शनिवारी सकाळी पहिला हात आडवा, दुपारनंतर दुसरा उभा. रविवारी हात लावू नका. सोमवारी सकाळी खडू आडवा धरून सगळ्या फळ्यावर घासा आणि कोरड्या डस्टरने पुसा. हे न करता लिहिलं तर पहिली अक्षरं कायमची उमटून राहतात. घाईने रविवारीच लिहायला घेतलं किंवा दमट फळ्यावर रंग दिला तर महिन्याभरात पापुद्रे सुटतात.

मुलांची काळजी

मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही, मुलाच्या घरी एकट्याने जायचं नाही, स्वतःचा फोन नंबर मुलांना द्यायचा नाही. एकेका मुलाला वस्तू, खाऊ किंवा पैसे द्यायचे नाहीत. द्यायचं ते शाळेला. फोटोसाठी पालकांची लेखी संमती हवी. केनियाचा २०१९ चा माहिती संरक्षण कायदा मुलांबाबत हीच अट घालतो. फोटोबरोबर मुलाचं नाव आणि शाळेचं गाव एकत्र लिहू नका. गटाचा एकच कॅमेरा, दिवसातून अर्धा तास, बाकी वेळ फोन पिशवीत. हा नियम जाचक वाटतो, पण तो पाळणाऱ्या गटाला शिक्षक मनापासून आपलं मानतात.

शारीरिक शिक्षेला केनियात कायद्याने बंदी आहे, तरी कुठे छडी दिसली तर वर्गात वाद घालू नका. त्याच दिवशी गटप्रमुखाने मुख्याध्यापकांशी एकांतात बोलावं.

रस्ता, पाणी, जेवण, वेळ

नैरोबी-नाकुरू महामार्गावर मोठ्या मालमोटारींची वर्दळ असते. सकाळी सातला निघून चारच्या आत पोचा, रात्रीचा प्रवास नको. विमान रात्री उतरत असेल तर पहिली रात्र नैरोबीत काढा. बाराजण आणि सामान यांना १४ आसनी गाडी पुरत नाही, २५ आसनी घ्या. मोटारसायकल टॅक्सी, म्हणजे बोडाबोडा, गटात कुणीही वापरू नये.

वाहनचालकाशी वेळ ठरवताना जपा. किस्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून ‘सा ताटू’ म्हणजे शब्दशः तीन, पण अर्थ सकाळचे नऊ. वेळ इंग्रजीत आणि ‘सकाळी’ असं जोडून पुन्हा विचारा.

रिफ्ट व्हॅलीच्या भूजलात फ्लोराइड जास्त असतं, तिथल्या मुलांच्या दातांवरचे तपकिरी डाग त्याचेच. पाणी उकळून किंवा साध्या गाळणीने फ्लोराइड जात नाही. म्हणून शाळेला साधा जलशुद्धीकरण संच भेट देण्याआधी पाणी तपासून घ्या. स्वतःसाठी वीस लिटरचे बंद जार आणा.

दुपारी शाळेत गिथेरी मिळते, मका आणि राजम्याची उसळ. ती मुलांबरोबर त्याच रांगेत उभं राहून घ्या. संध्याकाळी उगाली आणि सुकुमा विकी, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि पालेभाजी. शाकाहारींनी फक्त ‘न्यामा नको’ म्हणू नये, कोंबडी-मासे त्यात धरले जात नाहीत. ‘सिली न्यामा, कुकू वाला सामाकी’ हे वाक्य पाठ करा: मी मांस, कोंबडी किंवा मासे खात नाही.

रोज रात्री अर्धा तास बैठक. उद्या कोण कोणत्या वर्गात, काय साहित्य, आज काय चुकलं. आपत्कालीन दूरध्वनी ९९९ किंवा ११२, नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा क्रमांक आणि विमा कंपनीचा क्रमांक प्रत्येकाच्या खिशात कागदावर हवा, फोनमध्ये असून भागत नाही.

परतल्यावर

पिवळी पुस्तिका हातातल्या पिशवीत ठेवा, विमानतळावर ती तपासली जाते. मलेरियाच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा. परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की केनियाला जाऊन आलो आहे, आणि त्याच दिवशी रक्त तपासा. पाऊस सुरू झालेला असतो, डेंग्यू किंवा साधा विषाणूजन्य ताप समजून दोन दिवस घालवणं धोक्याचं ठरू शकतं.

महिन्याभरात शाळेला तीन गोष्टी पाठवा: पावत्यांसह दोन पानी हिशेब, संमती असलेल्या फोटोंच्या छापील प्रती, आणि मोटरचं कृतिपत्रक. सप्टेंबरात, तिसरं सत्र सुरू झाल्यावर, मुख्याध्यापकांना फोन करून एवढंच विचारा: फळ्याचा रंग टिकला का, मोटरचा तास शिक्षकांनी पुन्हा घेतला का? पुढच्या गटाचं नियोजन या दोन उत्तरांवर ठरवा.